मीटरच्या कपाटातल्या दोन केबल

नेदरलँड्समधल्या बहुतेक घरांत पुढच्या दाराजवळ एक अरुंद कपाट असते. वीज, गॅस, पाणी आणि आता फायबर, सारे तिथूनच घरात येते. ॲम्स्टेलवीन किंवा आइंडहोव्हेनला राहायला गेलेली मराठी कुटुंबे राउटर तिथेच बसवतात, पण शेजारच्या स्मार्ट मीटरवरचे ‘पी१’ हे सॉकेट अनेकदा रिकामेच राहते. ते वापरायला हवे.

पी१ हे सिरियल सॉकेट. सहा पिनांचा, टेलिफोनसारखा प्लग त्यात बसतो आणि एकाच तारेवरून, एकामागून एक बिट येत राहतात, सेकंदाला १,१५,२०० या वेगाने. नवे मीटर दर सेकंदाला आकडे पाठवतात, जुने दर दहा सेकंदांनी. मजकूर साधा, वाचता येण्याजोगा: १.८.१ पुढे स्वस्त दराची युनिटे, १.८.२ पुढे नेहमीच्या दराची, १.७.० पुढे या क्षणी ग्रिडमधून किती किलोवॅट घेताय ते. इथून मीटरला हुकूम देता येत नाही, त्यामुळे नोंदींत ढवळाढवळ होण्याची भीती नाही.

राउटरला मात्र हा मजकूर थेट कळत नाही. त्याच्या इथरनेट सॉकेटात आठ पिना असतात आणि माहिती पत्ता घातलेल्या पॅकेटांतून ये-जा करते. गोम अशी की सहा पिनांचा प्लग आठ पिनांच्या सॉकेटात शिरतो! तो तिथे कधीही घालू नका. कडेच्या पिना वाकतात, शिवाय नव्या मीटरच्या पी१मधून ५ व्होल्टचा पुरवठाही येतो. मध्ये छोटा रीडर लागतोच: मीटरकडे सिरियल केबल, राउटरकडे इथरनेट. जुन्या मीटरवर रीडरला वेगळा ॲडॉप्टर द्यावा लागतो. वायफायचे रीडरही मिळतात, पण राउटर हातभर अंतरावर असेल तर केबलच भरवशाची.

हे आत्ताच करण्याला कारण आहे. छतावरच्या सौर पॅनेलची जितकी वीज ग्रिडला दिली तितकी वापरातून वजा करण्याची तिथली सवलत १ जानेवारी २०२७ला संपते. मग दुपारी जास्तीची वीज बाहेर चालली आहे हे त्याच क्षणी दिसले, तर वॉशिंग मशीन तेव्हाच लावता येते.

महावितरणच्या स्मार्ट मीटरचे आकडे ग्राहकाला ॲपवर दिसतात, म्हणजे ते आधी कंपनीकडे जातात आणि मग आपल्याकडे येतात. घरच्या विजेचा हिशेब घरातल्या घरात वाचता येईल असे सॉकेट आपल्याकडेही प्रत्येक मीटरला असावे, आणि राज्यभर मीटर बदलले जात असतानाच ग्राहक संघटनांनी ते मागावे.