पेतॅयॅवेसीचे जुने चर्च

पेतॅयॅवेसीचे जुने चर्च हे मध्य फिनलंडमधील पेतॅयॅवेसी या गावातील इव्हँजेलिकल लुथरन पंथाचे लाकडी प्रार्थनामंदिर आहे. ते इ.स. १७६३ ते १७६५ या काळात बांधले गेले. चर्च, त्याला जोडलेले घंटाघर आणि सभोवतालची दफनभूमी यांचा मिळून हा परिसर होतो. युनेस्कोने १९९४ मध्ये या चर्चचा समावेश जागतिक वारसा स्थळांच्या यादीत केला. गावाचे नाव 'पाइन वृक्ष' आणि 'पाणी' या अर्थांच्या दोन फिनिश शब्दांपासून बनले आहे.

इतिहास

अठराव्या शतकात फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. या दुर्गम वस्तीतील रहिवाशांना १७२८ मध्ये दफनभूमीसाठी लाकडी चर्च उभारण्याची परवानगी मिळाली. प्रत्यक्ष बांधकाम मात्र पस्तीस वर्षांनी सुरू झाले. जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या गेल्या. उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून तेथे पोहोचता यावे, म्हणून तलावांमधील जागा पसंत करण्यात आली. दुसरे म्हणजे, तेथील माती दफनासाठी योग्य असणे आवश्यक होते.

वास्तुरचना

याको क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन या स्थानिक कारागिराने हे चर्च पाइनच्या ओंडक्यांत बांधले. त्याचा तलविन्यास समान भुजांच्या क्रुसाचा आहे. ओंडक्याच्या लांबीमुळे भिंतीच्या लांबीवर मर्यादा येते; क्रुसाकृती रचनेत भिंती अनेक कोपऱ्यांत एकमेकींत गुंतत असल्याने मोठी वास्तूही भक्कम राहते. भुजांवर कमानदार लाकडी छत असून मध्यभागी अष्टकोनी घुमट आहे. दगडी चर्चमधील ही रूपे येथे ग्रामीण सुतारकामाच्या पद्धतीने लाकडात उतरवली आहेत. उतरत्या छपरावर लाकडी फळ्यांची कौले आहेत.

लुथरन उपासनेत प्रवचनाला विशेष महत्त्व असल्यामुळे येथील कोरीव प्रवचनपीठ लक्षणीय ठरते. बाल ख्रिस्ताला खांद्यावरून नदीपार नेणारा म्हणून ख्रिस्ती आख्यायिकेत प्रसिद्ध असलेला संत ख्रिस्तोफर हे पीठ तोलून धरतो, असे दाखवले आहे. घंटाघर मूळ कारागिराचा नातू एर्की लेप्पॅनेन याने १८२१ मध्ये बांधले. एका बंदिस्त मार्गिकेने ते चर्चला जोडलेले आहे.

दफनभूमी आणि जतन

सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या जलमार्गाच्या पलीकडे १८७९ मध्ये नवे चर्च उभे राहिले आणि जुन्या चर्चमधील उपासना थांबली. त्यानंतर कित्येक वर्षे वास्तूची देखभाल झाली नाही. तथापि, दफनभूमी आणि घंटाघर यांचा वापर चालूच राहिला. त्यामुळे वास्तू ओस पडली तरी त्या जागेशी गावाचा संबंध तुटला नाही.

१९२० च्या दशकात ऑस्ट्रियन कलेतिहासकार योझेफ श्ट्रिगोव्स्की यांनी या वास्तूच्या मोलाकडे लक्ष वेधले. दुरुस्तीचे काम १९२९ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून पारंपरिक साहित्य व पद्धती वापरून जतनकार्य केले जाते. चर्चमध्ये उष्णतेची सोय नाही. त्यामुळे येथील उपासना व विवाहसोहळे प्रामुख्याने उन्हाळ्यात होतात.

उत्तर युरोपातील लाकडी चर्चबांधणीच्या परंपरेचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून युनेस्कोने चौथ्या निकषाखाली या स्थळाची निवड केली आहे.