गव्हाण आणि सांताक्लॉज

डिसेंबर उजाडला, की मावळातील भातखाचरे मोकळी दिसू लागतात. झोडणी आटोपलेली असते आणि खळ्याशेजारी पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहिलेल्या असतात. याच सुमारास लोणावळ्याच्या ख्रिस्ती घरांवर चांदणीच्या आकाराचे कंदील लागतात. नाताळ जवळ आल्याची ही खूण होय. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ जन्म.

लोणावळ्याला हा सण काही नवा नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि या लहानशा खेड्याचे रेल्वेचे गाव झाले. येथे इंजिनांचा कारखाना उभा राहिला, नोकरीनिमित्त दूरदूरची माणसे येऊन राहिली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक या दोन्ही पंथांच्या प्रार्थनामंदिरांची आणि रेल्वेच्या शाळेची नोंद आहे.

नाताळात ख्रिस्ती घरांतील मुलांचे सर्वांत आवडते काम म्हणजे गोठा उभारणे. दिवाळीत मुले जशी अंगणात किल्ला करतात, तशीच ही हौस. येशूच्या जन्माच्या वेळी मरिया व योसेफ यांना बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा मिळाली नाही. म्हणून नवजात बालकाला गुरांच्या गव्हाणीत निजवावे लागले, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. इटलीतील ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरे गवत, खरा बैल व खरे गाढव आणून तो देखावा लोकांसमोर उभा केला. तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. मावळात गवताची वाण कशी पडावी? मूठभर पेंढा आणला, की गोठा शाकारला जातो. मेंढपाळ, गुरे, मरिया व योसेफ यांच्या मूर्ती मांडल्या जातात. गव्हाण मात्र २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात. चांगले काम केले, की त्या रिकाम्या गव्हाणीत एक काडी टाकायची, अशी ख्रिस्ती कुटुंबांतील एक जुनी रीत आहे. कोणी भांडण मिटवावे, कोणी आजारी शेजाऱ्याला पाणी भरून द्यावे. बाळाचे अंथरूण अशा रीतीने काडीकाडीने मऊ होत जाते.

या गोठ्याशेजारी आता आणखी एक पाहुणा येऊन उभा राहिला आहे. तांबडा अंगरखा, कापसाची दाढी आणि पाठीवर भेटींची पोतडी! सांताक्लॉज दुकानांत दिसतो, शाळांच्या समारंभांत दिसतो. तो बर्फावरून रेनडिअरांच्या गाडीने येतो व धुराड्यातून घरात उतरतो, असे लहान मुलांना सांगतात. लोणावळ्यात थंडी पडते, पण बर्फ पडत नाही. घरांना तसली धुराडीही नसतात. तेव्हा सहा-सात वर्षांचे चौकस मूल एके दिवशी विचारतेच, “आई, सांताक्लॉज खरोखरच येतो का?”

हा प्रश्न साऱ्या जगातील आईबापांना अडवीत आला आहे. १८९७ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राला आठ वर्षांच्या मुलीने हेच विचारले होते. संपादकीय लेखात तिला ‘होय’ असे उत्तर मिळाले, आणि तो लेख जगभर गाजला. पुष्कळ पालक असेच ‘होय’ म्हणतात. बालपणीची गंमत थोडे दिवस टिकली तर बिघडले काय, असे त्यांना वाटते. परंतु श्रद्धावान आईबापांच्या मनात एक धास्तीही असते. गव्हाणीतल्या बाळाची कथा आणि सांताक्लॉजची कथा मूल एकाच तोंडून ऐकते. पुढे एक खोटी निघाली, तर दुसरीवर त्याने विश्वास का ठेवावा? म्हणून काही घरांत सांताक्लॉजला मुळीच थारा देत नाहीत.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. एका घरी सांताक्लॉज सायकल आणतो आणि शेजारच्या घरी चिक्कीचा पुडा. दोन्ही मुले सारखीच गुणी असतील, तर हा भेद कशाचा? शहाण्या मुलांनाच तो भेट देतो, असे सांगितले असेल, तर चिक्की मिळालेल्या मुलाने स्वतःविषयी काय समजावे? शिवाय लायकी पाहून ईश्वर प्रेम करीत नाही, ही तर ख्रिस्ती शिकवणच आहे. तेव्हा हा धाक सणाला शोभत नाही.

यातून वाट काढताना अनेक पालक सांताक्लॉजच्या मागे दडलेल्या खऱ्या माणसाची गोष्ट सांगतात. चौथ्या शतकात, आज जेथे तुर्कस्तान आहे त्या प्रदेशातील मायरा नगरात, निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. एका निर्धन पित्याला आपल्या तीन मुलींचे विवाह करता येईनात. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात त्याच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या व आपले नाव कळू दिले नाही, अशी आख्यायिका आहे. घेणाऱ्याला ओशाळवाणे वाटू नये, म्हणून हा अंधार! ६ डिसेंबर हा त्यांचा सण. हॉलंडमधील लोकांनी त्यांचे नाव अमेरिकेत नेले. तेथे १८२३ साली छापलेल्या एका कवितेने त्यांना आठ रेनडिअरांची गाडी दिली, आणि पुढे चित्रकारांनी त्यांना आजचे गुबगुबीत रूप दिले. म्हणजे हे रूप दोनशे वर्षांचे. येशूच्या जन्माची कथा तर मराठी ओवीत त्याही आधी अवतरली होती. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले.

ही हकीकत कळली, की मूल सहसा रुसत नाही. आपल्याला मोठ्यांच्या गुपितात घेतले, याचाच त्याला अभिमान वाटतो. मग सांताक्लॉज हा फसवणुकीचा विषय न राहता सर्वांनी मिळून खेळायचा खेळ होतो. नाताळच्या रात्री प्रार्थनेहून परतल्यावर बालयेशूची मूर्ती गव्हाणीतल्या पेंढ्यावर ठेवली जाते. धाकटी भावंडे पेंगत असतात. त्यांच्या उशाशी हळूच भेट ठेवण्याचे काम त्या वर्षापासून या मोठ्या मुलाकडे येते. आणि सकाळी त्याचे नाव कोणी सांगायचे नसते.