38 सेंटिमीटरच्या आरशात उमटलेली दीर्घिका

पुणे-नाशिक रस्त्यावरून घोडेगावच्या बाजूला वळलं की गिरवलीच्या डोंगरावर आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची वेधशाळा आहे. दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण तिथे आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की तिचा घुमट मिटतो, तो पावसाळा सरेपर्यंत. तिथून फार लांब नसलेल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मात्र भर आषाढातही काम करत असतात, कारण रेडिओ लहरी ढगांना जुमानत नाहीत.

पण प्रकाशाचे आणखी काही प्रकार असे आहेत, की आभाळ निरभ्र असलं तरी ते जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो, क्ष-किरण वरच्या हवेतच शोषले जातात. आपण जिवंत आहोत ते त्यामुळेच. मात्र नुकते जन्मलेले, तप्त आणि वजनदार तारे सर्वाधिक झळाळतात ते अतिनीलमध्ये, आणि कृष्णविवरात ओढला जाणारा वायू तापून क्ष-किरण फेकतो. हे बघायचं तर दुर्बीण हवेच्या वर न्यावीच लागते.

ॲस्ट्रोसॅट त्यासाठीच गेला. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी30 ने त्याला 650 किलोमीटर उंचीवर सोडलं. भारताची ही पहिली अवकाश वेधशाळा. त्यातली अतिनील दुर्बीण, म्हणजे यूव्हीआयटी, बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याची आयुका, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांच्या साथीने उभी केली. तिचा आरसा अवघा 38 सेंटिमीटरचा, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा. हबल अवकाश दुर्बिणीचा आरसा 2.4 मीटरचा, क्षेत्रफळात सुमारे 40 पट मोठा.

एवढ्याशा आरशाने काय साधणार, असं कुणालाही वाटेल. याचं उत्तर दक्षिणेच्या आकाशातल्या अश्मंत नावाच्या फिकट तारकासमूहात आहे. डिसेंबरच्या रात्री तो आपल्याकडूनही दिसतो. त्यातला एक इवलासा तुकडा हबलने वर्षानुवर्षं टक लावून पाहिला आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये 28 तासांच्या निरीक्षणासाठी ॲस्ट्रोसॅट त्याच दिशेला वळवला गेला. यूव्हीआयटी काम करते ती फक्त पृथ्वीच्या सावलीत, प्रत्येक फेरीतल्या छोट्याशा रात्रीत. त्यातही ती एकच लांबलचक फोटो काढत नाही. सेकंदाला सुमारे 29 चौकटी टिपते, आणि प्रकाशाचा कण येऊन पडला की त्याची जागा आणि वेळ नोंदवते. उपग्रह किंचित डुलत असतो. ते डुलणं तिच्यातलाच दृश्य प्रकाशाचा कॅमेरा ओळखीच्या ताऱ्यांवरून मोजत राहतो. मग जमिनीवर संगणक एकेक कण उचलून त्याच्या खऱ्या जागी बसवतो. धान्य निवडावं तसं हे काम आहे, आणि तितकंच सावकाश होतं.

आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी या नोंदी तपासायला जवळपास दोन वर्षं घेतली. दिसलेला ठिपका खरा आहे, मधल्या एखाद्या दीर्घिकेचा प्रकाश त्यात मिसळलेला नाही, हे पुन्हा पुन्हा पडताळलं. ऑगस्ट 2020 मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त निष्कर्ष आला: 930 कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एयूडीएफएस01 या दीर्घिकेतून तीव्र अतिनील किरण बाहेर पडताहेत. तो प्रकाश निघाला तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता. निघताना त्याची तरंगलांबी सुमारे 60 नॅनोमीटर होती. वाटेत विश्व फुगत गेलं, लहरी जवळपास 2.4 पट ताणल्या गेल्या, आणि म्हणूनच त्या यूव्हीआयटीच्या टप्प्यात आल्या. हबलला हा अतिनील प्रकाश दिसला नव्हता. यूव्हीआयटीच्या संवेदकात स्वतःचा गोंगाट फार कमी आहे, आणि शांत खोलीत कुजबुज ऐकू यावी तसा हा अंधूक प्रकाश तिथे ओळखू आला.

यात एवढं मोठं काय? 91.2 नॅनोमीटरहून आखूड लहरी हायड्रोजन गिळून टाकतो, आणि दीर्घिका तर हायड्रोजनने भरलेल्या असतात. तरीही विश्वाच्या पहिल्या सुमारे 100 कोटी वर्षांत कुणीतरी सगळीकडच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवून लावले. छोट्या दीर्घिकांतल्या ताऱ्यांवर संशय आहे, पण त्यांचे किरण बाहेर निसटतात तरी कसे? एयूडीएफएस01 त्या आदिकाळातली नव्हे, नंतरची आहे. पण किरण निसटू शकतात हे तिने दाखवलं. माझ्या मते ॲस्ट्रोसॅटची ही सगळ्यात मोलाची कमाई.

ॲस्ट्रोसॅटवरची क्ष-किरणांची दुर्बीण तर आणखी वेगळी. क्ष-किरण आरशावर सरळ आदळले की आत घुसतात, परतत नाहीत. तळ्यावर भाकऱ्या काढताना चपटा दगड पाण्याला निसटता लागला तरच उसळतो ना, तसंच इथेही. म्हणून मुंबईच्या टाटा संस्थेने सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकात एक असे 40 थरांत बसवले. त्यांच्या कडेकडेने घसरत किरण मागच्या संवेदकावर एकवटतात. आणखी एका उपकरणाने, सीझेडटीआयने, 1054 साली चिनी निरीक्षकांनी पाहिलेल्या स्फोटातून उरलेल्या खेकडा तेजोमेघाच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं. ते 2017 मध्ये प्रसिद्ध झालं.

यूव्हीआयटीच्या प्रकाश टिपणाऱ्या वाहिन्यांपैकी एक 2018 मध्ये बंद पडली. तरी पाच वर्षांसाठी बांधलेल्या या उपग्रहाने सप्टेंबर 2025 मध्ये दहा वर्षं पुरी केली.

त्याने जमवलेल्या नोंदींचा साठा इस्रोच्या संकेतस्थळावर खुला आहे. नोंदणी केली की त्या कुणालाही उतरवून घेता येतात. त्या वाचायच्या कशा, हे सांगायला आयुकामध्ये खास मदत कक्ष आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर तिथे पत्र टाका.