विश्लेषण : घरात समुद्र आणायचाय? मग पहिला महिना टाकीत मासा नको!

शनिवारी काचेची टाकी घरी येते. रविवारी सकाळी पाण्यात मीठ कालवले जाते आणि संध्याकाळी मुलांच्या हट्टाखातर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश त्यात सोडले जातात. सोमवारी मासे मजेत असतात. बुधवारी ते वर येऊन धापा टाकू लागतात. शुक्रवारी टाकीत फक्त पाणी उरते, तेही आरशासारखे स्वच्छ. एवढ्या नितळ पाण्यात मासे मेले कसे, हा प्रश्न खाऱ्या पाण्याचा फिशटँक लावणाऱ्या बहुतेक नवख्यांना पडतो. प्रस्तुत प्रतिनिधीलाही पडला होता. ‘पाणी तयारच आहे, आजच सोडा’ असे सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवल्याचा तो परिणाम होता.

नितळ पाण्यात मासे का मरतात?

कारण विष दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. समुद्रात हा अमोनिया अथांग पाण्यात विरतो आणि जिवाणू तो फस्त करतात. नव्या टाकीत ना तेवढे पाणी, ना जिवाणू.

खाऱ्या पाण्यात हे प्रकरण आणखी गंभीर होते. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी आणि दुसरे विषारी. पाण्याचा पीएच जितका जास्त, तितके विषारी रूपाचे प्रमाण अधिक. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच ७ च्या आसपास असतो, तर समुद्राचा ८.१ ते ८.४. त्यामुळे तेवढाच अमोनिया सागरी टाकीत कित्येक पट घातक ठरतो. गोल्डफिश पाळताना जी चूक खपून जाते, ती इथे खपत नाही.

हा अमोनिया संपवणारे जिवाणू दोन टप्प्यांत काम करतात. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे मासे बऱ्यापैकी सहन करतात. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात. पण त्यांची वाढ संथ असते. दोन्ही गट पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या प्रक्रियेला ‘सायकलिंग’ म्हणतात.

मासे न मारता सायकलिंग कसे करायचे?

पूर्वी यासाठी एखादा काटक, स्वस्त मासा ‘बळीचा बकरा’ म्हणून सोडत. आता त्याची अजिबात गरज नाही. रिकाम्या टाकीत अमोनिया आपणच घालायचा. त्यासाठीचे रसायन आहे अमोनियम क्लोराइड, म्हणजेच आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकून पांढरा धूर काढायचा, तोच. मात्र बाजारातील खुल्या नवसागरात भेसळ किंवा धातूंचे अंश असू शकतात, त्यामुळे प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्यावा.

मात्रा अगदी थोडी लागते. १०० लिटर पाण्यात साधारण ०.६ ग्रॅम नवसागर घातला की अमोनियाचे प्रमाण २ पीपीएमच्या आसपास जाते. मग दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजत राहायचे. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते. मग नायट्राइट उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. पुन्हा तेवढाच नवसागर घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार. त्यानंतर निम्मे पाणी बदलून पहिला मासा सोडता येतो. बाटलीबंद जिवाणू घातल्यास वेळ वाचू शकतो. पण ‘आज ओता, आज मासे सोडा’ या लेबलवर विसंबू नका. टेस्ट किट जे सांगेल तेच खरे.

याच काळात दगड-काचांवर तपकिरी थर चढतो. नवखे घाबरतात, सगळे बाहेर काढून घासतात आणि वस्तीला आलेले जिवाणूही धुऊन टाकतात. हे डायटम नावाचे शेवाळ असते, बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्याला हात लावू नका.

चौपाटीचे पाणी आणि घरातले मीठ चालेल का?

दोन्ही नाही. शहराजवळच्या किनाऱ्यावरील पाण्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असते, शिवाय पावसाळ्यात त्याचा खारेपणा घसरतो. खाण्याचे मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असे बरेच काही असते. म्हणून ॲक्वेरियमसाठी बनवलेले सागरी मीठच लागते. प्रमाण लिटरमागे ३५ ग्रॅमच्या थोडे वर. म्हणजे १०० लिटरला पावणेचार किलोच्या आसपास.

पाणी कोणते, हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि कधी कधी तांब्याचे अंशही. तांबे कोळंबी-शंखांसाठी जीवघेणे आहे. ‘आमच्याकडे आरओ आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका. घरगुती आरओ चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार पाण्यात ठेवतो, त्यामुळे त्याचा टीडीएस ५०-१०० असणे नेहमीचेच. टाकीसाठी तो शून्य हवा. त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनचे कार्ट्रिज जोडावे लागते. टीडीएस मीटर ही या छंदातली सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी वस्तू आहे.

मीठ वेगळ्या पिंपात, पंप चालू ठेवून, थोडे थोडे घालायचे आणि पाणी दिवसभर फिरू द्यायचे. खारेपणा हजारी ३५, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, इतका हवा. तरंगत्या काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरपेक्षा रिफ्रॅक्टोमीटर घ्या.

टाकी किती मोठी आणि ठेवायची कुठे?

इथे सहज बुद्धी उलटे सांगते. लहान टाकी सोपी वाटते. पण पाणी जितके कमी, तितकी प्रत्येक चूक महागात पडते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही सुरुवातीला बरी. तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते.

आता थोडे गणित. पाणी, काच, दगड आणि स्टँड धरून हे वजन २५० किलोच्या घरात जाते, तेही साडेचार चौरस फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६०० किलो. भारतीय मानकानुसार निवासी खोलीच्या स्लॅबसाठी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर इतका वापरातील भार गृहीत धरतात. हा भार पूर्ण खोलीचा असल्याने एका टाकीने स्लॅब खाली येत नाही; पण टाकी भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावी. गॅलरीत ठेवणे हा वेडेपणा. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा.

खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते, हेही विसरू नका. टाकीच्या प्लग पॉइंटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतो.

परदेशी व्हिडिओंत हीटरवर भर असतो. आपल्याकडे खरी अडचण मे महिन्याची. पाणी २५-२६ अंशांवर हवे. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो; विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र चिलरशिवाय भागणे कठीण. आणि लाइट गेली की पाण्याची हालचाल थांबते, ऑक्सिजन घटतो. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असू द्या.

प्रवाळ आणि समुद्रघोडा ठेवला तर?

तुरुंगवास होऊ शकतो. भारतीय समुद्रातील रीफ बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. मालवणच्या सहलीतून उचलून आणलेला मेलेला तुकडाही याला अपवाद नाही. परदेशी प्रवाळ ‘साइट्स’ कराराच्या यादीत असल्याने त्यांना आयातीची कागदपत्रे लागतात, आणि २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर नोंदणीही. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात. जिवाणूंना तेवढी जागा पुरते. पहिल्या टाकीत प्रवाळाच्या वाटेला जाऊच नये, असे आमचे स्पष्ट मत.

मग कोणते मासे घ्यायचे?

पैदास केंद्रात वाढलेले. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात प्रवाळांच्या कपारींत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. असे मासे दुकानात ठणठणीत दिसतात आणि घरी आल्यावर काही दिवसांत दगावतात.

क्लाउनफिशची पैदास मात्र आता सर्रास होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केले आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानने समुद्री शोभिवंत माशांच्या पैदासीचा प्रकल्प उभारला आहे. क्लाउनफिश दोनच घ्या, एक मोठा आणि एक लहान. हे सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे भांडणे कमी होतात. दोन आठवड्यांनी एखादा गोबी चालेल. ‘फाइंडिंग निमो’तली निळी डोरी मात्र नको. ती फूटभर वाढते आणि तिला लांब पोहायला जागा लागते.

गणपतीला गावी गेल्यावर काय?

पाण्याची वाफ होते, मिठाची नाही. १०० लिटरमधले ५ लिटर उडाले की खारेपणा ३५ वरून जवळपास ३७ वर जातो. म्हणून रोजची तूट भरून काढायची ती बिनमिठाच्या शून्य टीडीएस पाण्याने; मिठाचे पाणी फक्त आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना. हे काम करणारे स्वयंचलित यंत्र मिळते, आठ दिवस बाहेर जाणाऱ्यांनी ते बसवावे. खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून शेजारच्या काकूंकडे द्या आणि डबा मात्र कपाटात कुलपात ठेवा. मासे काचेशी येऊन तोंड उघडतात, काकूंना ते उपाशी वाटतात आणि मग डबा रिकामा होतो.