स्वप्नीलसाठी ओरडायचं, पण फायनल समजून घेऊन!

1 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक. आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये. गुडघ्यावर बसून 15 शॉट्स झाले तेव्हा सहावा, झोपून 15 झाले तेव्हा पाचवा. भावांनो, आपला धीर सुटतो तो इथंच! पण खरी परीक्षा उभ्यानं असते. रायफल स्थिर ठेवणं तिथं सगळ्यात अवघड. 40 शॉट्सनंतर तळाचे दोघे बाहेर, मग दर शॉटला एकेक जण घरी. त्या दडपणात गडी वर सरकत गेला आणि 451.4 गुणांवर ब्राँझ! खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नाद खुळा!

शूटिंगच्या फायनलमध्ये टाळ्या, आरोळ्या चालतात बरं का. तेव्हा रेंजवर गेलात तर बिनधास्त ओरडा. फक्त एखादा शॉट दहाऐवजी नऊवर गेला की लगेच नावं ठेवू नका. या खेळात धीर लागतो. आपली नेमबाज तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, पण तिला ऑलिंपिकची रेंज दिसली ती थेट 2021 मध्ये, टोकियोला, वयाच्या चाळिशीत.