दाढेची मुळे कशाने भरतात : ‘रूट कॅनल’ ह्या संज्ञेच्या निमित्ताने

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील दंतवैद्यांच्या पाट्यांवर दात काढणे, दात भरणे, कवळी बसविणे ह्या जुन्या शब्दांच्या पंक्तीला ‘रूट कॅनल’ हा शब्द येऊन बसला आहे. ‘कवळी’ टिकली, ह्या उपचाराला मात्र मराठी नाव रुजले नाही. ‘रूट कॅनल’ हे वस्तुतः दाताच्या एका भागाचे नाव होय. मुळाच्या पोटातून जाणारी जी बारीक नलिका, जिच्यात चेतातंतू व रक्तवाहिन्या असतात, ती रूट कॅनल. इंग्रजी बोलभाषेप्रमाणे मराठीतही ते उपचाराचे नाव झाले. परंतु इंग्रजी भाषकाला त्यातील मूळ अर्थ निदान ऐकू येतो, मराठी भाषकाला तोही येत नाही. ‘दाढेचे रूट कॅनल केले’ म्हणजे ‘नस काढली’, एवढाच बोध त्याला होतो.

ह्या बोधात उपचाराचा अर्धा भाग गळून पडतो. नस, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील दंतमज्जा, काढली की ठणका बहुधा थांबतो. नलिका साफ करून ती भरावयाची आणि मग वरचा दात बांधून काढावयाचा, हे काम पुष्कळदा पुढच्या खेपेवर राहते. सकाळच्या लोकलने मुंबई गाठून रात्री परतणाऱ्या डोंबिवलीकराला ती खेप जड जाते; आणि ज्या क्रियेला त्याच्या बोलीत नावच नाही तिची निकड त्याला का वाटावी? मध्यंतरी तात्पुरते भरण झिजते, लाळ आत उतरते आणि कालांतराने हिरडीवर पुवाची पुळी दिसू लागते.

नलिका भरणे म्हणजे पोकळी बुजविणे, इतके हे सोपे नाही. नलिका सरळ नळीसारखी क्वचितच असते. तिला आडवे फाटे फुटतात, दोन नलिकांमध्ये चिंचोळ्या फटी असतात. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण नलिका पुष्कळदा चार निघतात. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावाने कितीही धुतले तरी सर्व जंतू नाहीसे होतीलच असे नाही. उरलेल्यांना अन्न व जागा मिळू नये, वरून लाळ आणि खालून ऊतींतील द्रव झिरपू नये, ह्यासाठी भरण हवे. ते मुळाच्या टोकाच्या किंचित अलीकडे थांबले पाहिजे. फार आखूड राहिले तर जंतूंना जागा उरते. टोकाबाहेर गेले तर हाडाजवळच्या ऊतींना इजा पोचू शकते.

भरणाचे मुख्य साहित्य गटापर्चा. शब्द मलाय भाषेतला आहे. ‘गेताह’ म्हणजे झाडाचा चीक; दुसऱ्या पदाविषयी एकमत नाही, कोणी ते झाडाचे नाव मानतात, कोणी त्याचा अर्थ चिंधी असा करतात. हा चीक रबराचाच रासायनिक भाऊ आहे, मात्र त्यातील अणूंची मांडणी निराळी असल्यामुळे तो रबरासारखा ताणला जात नाही. समुद्रातून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांवर त्याचेच वेष्टन असे. १८७० साली मुंबई एडनशी जोडली गेली ती अशाच तारेने. दाताच्या नलिकेत त्याचा वापर १८६७ च्या सुमारास सुरू झाला. आज ज्याला गटापर्चाची काडी म्हणतात तिच्यात प्रत्यक्ष गटापर्चा सुमारे एक पंचमांशच असतो. बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड, आणि क्ष-किरणचित्रात भरण उमटावे म्हणून धातूंचे क्षार. एकेकाळी चांदीच्या काड्याही वापरीत. त्या नलिकेत गंजतात असे आढळल्यावर मागे पडल्या. ‘दातात चांदी भरली’ ह्या बोलण्याशी त्यांचा संबंध नाही. ती चांदी म्हणजे वरच्या पोकळीत भरलेले पाऱ्याचे मिश्रण.

गटापर्चा दाताच्या भिंतीला चिकटत नाही. म्हणून मधल्या फटींसाठी सीलर नावाचा लेप लागतो. येथे गमतीची गोष्ट अशी की ह्या परक्या वाटणाऱ्या उपचारातील द्रव्ये मराठी घराला अनोळखी नाहीत. जुन्या सीलरमधील युजेनॉल हे लवंगेच्या तेलातील प्रमुख द्रव्य. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरणारी आजी तेच वापरीत असे. दोन खेपांच्या मधल्या काळात नलिकेत ठेवतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना. १९९३ पासून प्रबंधांत येऊ लागलेले एमटीए हे तर बव्हंशी शुद्ध केलेले पोर्टलँड सिमेंटच. त्याच कुळातील कॅल्शियम सिलिकेटचे सीलर ओलाव्यात घट्ट होतात. तेव्हा ‘दातात सिमेंट भरले’ हे रोग्याचे विधान कधीकधी त्याला वाटते त्याहून अधिक खरे असते!

भरण्याच्या पद्धतींत सर्वांत परिचित ती बाजूने दाबण्याची. मापाची मुख्य काडी सीलर लावून बसवितात, स्प्रेडर ह्या टोकदार हत्याराने ती भिंतीकडे सारतात आणि झालेल्या जागेत बारीक काड्या एकामागून एक घालतात. लांबीवर ताबा चांगला राहतो. परंतु भरण एकजीव होत नाही आणि जोर अधिक झाला तर मूळ तडकण्याचा धोका असतो. बॉस्टनच्या हर्बर्ट शिल्डर ह्यांनी १९६७ साली गटापर्चा तापवून वरून खाली दाबण्याची पद्धत मांडली. मऊ झालेला चीक आडव्या फाट्यांतही शिरतो, हा तिचा गुण. तो टोकाबाहेर सरकू शकतो आणि निवताना आकसतो, हे तिचे दोष. अलीकडे नलिकेच्या निमुळतेपणाशी जुळणारी एकच काडी कॅल्शियम सिलिकेटच्या सीलरसह बसविण्याकडे कल वाढला आहे. काम लवकर उरकते, पण येथे सारी भिस्त सीलरवर. शिवाय पुन्हा नलिका उघडावी लागल्यास तो घट्ट लेप काढणे कठीण जाते. गटापर्चा उष्णतेने किंवा द्रावकाने मऊ करून काढता येतो, आणि दीडशे वर्षांत त्याची जागा कोणी पूर्णपणे घेतली नाही, ह्याचे हे एक मोठे कारण असावे.

एवढे झाल्यावरही दात भरावयाचा राहतोच. १९९५ साली रे आणि ट्रोप ह्यांनी क्ष-किरणचित्रे तपासून दाखविले की मुळाच्या टोकाचे आरोग्य नलिकेतील भरणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वरच्या भरणाच्या दर्जाशी निगडित दिसते. रोगी मात्र दोन्हींना ‘दात भरला’ असेच म्हणतो, आणि ‘नलिका भरली, आता दात भरायला या’ हे वाक्य त्याला तेच काम दुसऱ्यांदा सांगितल्यासारखे वाटते.