दोन नंबरला देशमुख किती होते?

१९६९ ची राष्ट्रपती निवडणूक व्ही. व्ही. गिरी ‘दुसऱ्या पसंतीवर’ जिंकले, असं आपण ऐकतो. आकडे बघा (ही मतमूल्यं आहेत, डोकी नव्हेत). पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे ४,१८,१६९ हवी होती. मग तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. असं करत शेवटी देशमुखही बाद झाले. या फेऱ्यांत रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले!

फायदा उघड आहे: आपला उमेदवार पडला तरी मत वाया जात नाही. (पुढचा क्रमांक लिहिलाच नसेल तर मात्र जातं.) तोटा मला जास्त छळतो. दुसरी पसंती फक्त बाद झालेल्यांचीच बघतात. रेड्डींच्या मतपत्रिकांवर दोन नंबरला कोण होतं, हे मोजलंच गेलं नाही. समजा, जवळपास सगळ्यांनी तिथे देशमुख लिहिलं असतं, तर बेरीज ४,२६,००० च्या वर जाते. म्हणजे समोरासमोरच्या लढतीत देशमुख गिरींना हरवू शकले असते. पण ते तिसरे होते, त्यामुळे ही लढत झालीच नसती.